गाडीची झोपमोड

४ मार्च

वन्सं,

नमस्कार. हे पत्र खुशालीचं नाही, भांडणाचं आहे. फोनवर तुमच्याशी भांडता येत नाही. तुम्हाला ऐकू जात नाही आणि मी आवाज चढवला की खालच्या मजल्यावरचे लोक वर येतात. तेव्हा आपली जुनी सवयच बरी.

बाब्याने तुम्हाला काय सांगितलं ते मला कळलं. काल बोलता बोलता त्याच्याच तोंडून निसटलं. आईला हल्ली आठवत नाही, आई गाडी चालू ठेवून निघून जाते, असं चिरंजीव सगळ्यांना सांगत सुटले आहेत. म्हणून खरं काय झालं ते माझ्याकडून ऐका.

मंगळवारी सकाळी मी तळघरात गाडी काढायला गेले. शिंप्याला डायलिसिसला न्यायचं होतं. आपल्या अख्ख्या घराचे कपडे ज्याने शिवले तोच शिंपी. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या, मुलगा परदेशात, बायको थकलेली. मी निवृत्त झाल्यापासून आठवड्यातून तीनदा त्याला नेते आणि आणते. त्याच विभागात तीस वर्षं नर्स होते मी. एक खेप चुकली की माणसाच्या पायावर कशी सूज चढते आणि दोन चुकल्या की तो उशाला टेकून श्वास कसा मोजतो, ते मला कोणी सांगायला नको.

तर गाडी मेलेली. दार उघडेना, दिवा लागेना, काही नाही. आदल्या दिवशी मीच ती काठोकाठ चार्ज केली होती. पाण्याने भरलेल्या टाकीखाली उभं राहावं आणि नळाला थेंब नसावा, तसं झालं. टॅक्सी करून शिंप्याला पोचवलं आणि परत येऊन बाब्याला फोन केला. तो आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "आई, काहीतरी चालू राहिलं असेल तुझ्याकडून."

महिन्यात हे दुसऱ्यांदा झालं आणि दोन्ही वेळा त्याचं हेच वाक्य. मी काही चालू ठेवलं नव्हतं. मला नक्की माहीत आहे.

मदतीला आलेल्या मेकॅनिकने दोन वायरी जोडल्या आणि गाडी क्षणात जागी झाली. मी विचारलं, मोठी बॅटरी भरलेली असताना ही मेली कशी? तो म्हणाला, आजी, या गाड्यांमध्ये दोन बॅटऱ्या असतात. पोटाखालची मोठी, ती गाडी पळवते. आणि ही पुढची छोटी, बारा व्होल्टची. दारं, दिवे, आतले संगणक, सगळं हिच्या जिवावर. गाडी बंद केली की मोठी बॅटरी कुलपात जाते, आणि ते कुलूप उघडायचं काम छोटीचं. गाडी चालू असली की मोठी छोटीला भरत राहते, उभी असली की छोटी एकटी. ती संपली की मोठी कितीही भरलेली असो, आत बसून राहते.

आजी म्हणाला म्हणून राग आला होता, पण सांगितलं नीट.

एकूण काय, गाडी विकायची नाही आणि किल्लीही द्यायची नाही. तुम्ही त्याच्या बाजूने बोलणार असाल तर आधीच कळवा, म्हणजे मी पुढचं पत्र तयार ठेवते.

तुमची वहिनी

१२ मार्च

वहिनी,

पत्र मिळालं. तुझा राग इथपर्यंत ऊब देतोय.

मी तुझ्या बाजूची आहे, म्हणूनच लिहिते. किल्ली बाब्याला देऊन टाक. विसरण्याचं म्हणशील तर तू पहिल्यापासून विसरतेस. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तू मला सिनेमाच्या थिएटरात विसरून घरी आली होतीस. तेव्हा आपण तरुण होतो म्हणून हसलो. आता कोणी हसत नाही, डॉक्टरकडे नेतात. जगाची रीतच आहे ती.

दुसरं म्हणजे दादा. तू बोलत नाहीस, पण मी रोज आठवते. रस्त्याच्या कडेला गाडी लावून तो बसला आणि बसल्या जागी गेला. येणारे-जाणारे बघत होते, साहेब झोपलेत म्हणत होते. संध्याकाळपर्यंत कोणाला कळलं नाही. बाब्याने स्वतः ते दार उघडलंय, वहिनी. मुलाच्या मनातून ते जात नाही. तुझा फोन लागला नाही की तो हातातलं काम टाकून पुन्हा पुन्हा लावत बसतो. तो इथे आला होता तेव्हा मी त्याला म्हटलं, बाबा रे, काळजी वाटते तर नजर ठेव, त्यात काय वाईट आहे.

माझं बघ. मुलगा-सून मला जिना एकटीला उतरू देत नाहीत. बाजारात नेत नाहीत, जे हवं ते आणून देतात. खिडकीत खुर्ची आहे, उशी आहे. काही म्हणता काही कमी नाही. या वयात माणसाला आणखी काय लागतं?

हट्ट सोड. सुंभ जळला तरी पीळ जात नाही असं लोकांना तुझ्याबद्दल म्हणू देऊ नकोस.

तुझी नणंद

२० मार्च

वन्सं,

पीळ गेला तर सुंभात उरतं काय? राख. असो. तुम्हाला थिएटरात विसरले नव्हते, सोडून आले होते. तुम्ही मध्यंतरात माझ्या माहेरच्यांना नावं ठेवली होती. इतकी वर्षं बोलले नाही, आता बोलले.

आता खरी गोष्ट. गुरुवारी पुन्हा झालं, आणि या वेळी शिंपी आत होता.

हॉस्पिटलच्या वाटेवर त्याचं औषध घ्यायला थांबले. तो मागच्या सीटवर पाय वर घेऊन पडला होता. मी गाडी बंद केली, कुलूप लावलं, दुकानात गेले. गर्दी होती. परत आले तर गाडी काळी ठिक्कर. या गाडीची दारं उघडायच्या मुठी दारातच लपलेल्या असतात, वीज मिळाली तरच बाहेर येतात. त्या येईनात. मागची दारं आतूनही उघडत नाहीत, नातवासाठी मीच तो खटका लावून ठेवलाय. काच खाली होईना. बाहेर ऊन तापलेलं. शिंपी आतून काचेवर हात आपटत होता, आणि थोड्या वेळाने आपटायचा थांबला.

लोक जमले. कोणी म्हणालं दगड आणा, कोणी फोनवर व्हिडिओ काढायला लागलं. मी सगळ्यांना बाजूला केलं. मागच्या वेळेनंतर मी गाडीबरोबर आलेलं पुस्तक वाचून काढलं होतं. किल्लीच्या पोटात एक साधी लोखंडी किल्ली असते आणि चालकाच्या दाराला एका टोपणाखाली भोक असतं. टोपण नखाने उचकटलं, भोक सापडलं. पुढचं दार उघडून मी दोन सीटांच्या मधून मागे घुसले आणि त्याला धरून पुढे ओढला. या वयात, साडी खोचून, चार लोकांसमोर. त्याला बाहेर पायरीवर बसवला, डोक्यावर ओला रुमाल ठेवला. शुद्धीवर आल्यावर म्हणतो, "बाई, मधून काढायचं होतं तर आधी माप घ्यायचं." मग मला रडू आलं.

तेवढ्यात बाब्या हजर. मी त्याला फोनही केला नव्हता. गर्दीतल्या कोणी ओळखीच्याने कळवलं असेल. त्याने शिंप्याला आपल्या गाडीतून हॉस्पिटलात पोचवलं, तेवढं चांगलं केलं. आणि परत येऊन माझ्या हातातली किल्ली काढून घेतली. "आता बस झालं, आई. कोणाचा तरी जीव जाईल."

मी बसने घरी आले. वन्सं, मी, न भांडता.

दुसऱ्या दिवशी आपणहून डॉक्टरांकडे गेले. त्यांनी शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळ काढायला लावलं, उलटे आकडे म्हणवून घेतले. सगळं बरोबर आलं. "वयाच्या मानाने उत्तम," म्हणाले. तरी तुम्हालाच सांगते, त्या दिवसापासून मी घराचं कुलूप लावते आणि जिन्यावरून परत जाऊन ओढून बघते. लोक म्हणतात म्हणून माणूस वेडा होत नसेल, पण व्हायला सुरुवात तिथूनच होते.

आणि म्हणूनच मी सोमवारी बसने बाब्याच्या ऑफिसात गेले. काचेच्या दारापाशी सोफा आहे, तिथे डबा घेऊन बसले. येणारा प्रत्येक जण विचारायचा, कोणाला भेटायचंय? मी सांगायची, भेटायचं नाही, माझा मुलगा आत आहे आणि माझी किल्ली त्याच्याकडे आहे. दुपारी त्याचे साहेब आले, त्यांनाही तेच सांगितलं. साहेबांनी मला चहा दिला. चहा संपायच्या आत किल्ली आली.

त्याने ती टेबलावर ठेवली, हातात दिली नाही. तेवढं लागलं.

आता याचा छडा लावल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. दोष माझा असेल तर किल्ली मी स्वतः देईन. पण चोर सोडून संन्याशाला फाशी होऊ देणार नाही.

वहिनी

२६ मार्च

वहिनी,

शिंपी वाचला, देवाची कृपा. किल्ली परत घेतलीस हे बरं झालं की वाईट, मला कळत नाही.

एक ऐक. गाडी विकून मोकळी हो. उगाच खोदत बसू नकोस. खोदलं की काहीतरी निघतंच, आणि मग ते बुजवता येत नाही.

माझं बरं आहे. जास्त लिहवत नाही.

नणंद

३ एप्रिल

वन्सं,

खोदलं. निघालं.

बॅटऱ्यांचं एक दुकान आहे, पेट्रोल पंपाच्या मागे. मालक जाडजूड, चष्मा दोरीने गळ्यात, बोलणं तोलूनमापून. त्याने छोटी बॅटरी तपासली आणि म्हणाला, ही संपली, पुन्हा पुन्हा तळापर्यंत रिकामी झाल्यामुळे आतून खराब झालीय. नवीन घाला. मी म्हटलं, घालते, पण ही रिकामी का झाली ते सांगा, नाहीतर नवीनही मरेल आणि दोष माझ्यावर येईल. तेव्हा त्याने मला एकदा नीट बघितलं आणि स्टूल दिलं.

"पेट्रोलची गाडी मरायच्या आधी कुरकुरते," तो म्हणाला. "सकाळी घरघर करते, माणसाला कळतं. हिला तसली सवय नाही. पेट्रोल-वीज दोन्हीवर चालणाऱ्या हायब्रीडचंही तेच. आज आहे, उद्या नाही."

त्याने नवी बॅटरी बसवली, गाडी बंद केली, कुलूप लावलं आणि वायरीला चिमट्यासारखं मीटर लावून बसला. म्हणे गाडी बंद झाली की हळूहळू तिचे सगळे संगणक झोपतात आणि आकडा जवळजवळ शून्यावर येतो. आम्ही चहा प्यालो. आकडा खाली आला, आणि पुन्हा चढला. परत खाली, परत वर.

"बाई, गाडी ठणठणीत आहे," तो म्हणाला. "तिला झोप नाही. कोणीतरी उठवतंय."

मग डॅशबोर्डखाली आडवा पडून त्याने टॉर्चच्या उजेडात शोधलं आणि हात बाहेर काढला. त्यात एक काळी डबी, काड्यापेटीपेक्षा जरा मोठी. मेकॅनिक लोक गाडी तपासायला जिथे यंत्र लावतात तिथेच ती खोचली होती. एक हिरवा दिवा उघडझाप करत होता. "हे गाडीबरोबर आलेलं नाही. गाडी कुठे आहे ते हे कोणाच्या तरी फोनवर सांगतं. आणि सांगायला दर थोड्या वेळाने गाडीला जागं करतं. तुम्ही बसवलंत?"

मी नाही म्हटलं. मग तो चष्मा पुसत बसला.

मला एकदम सगळं दिसलं. माझ्या वाढदिवसाला बाब्या गाडी धुवून आणतो म्हणून घेऊन गेला होता. पहिल्यांदा गाडी मेली ती त्यानंतर. आणि गुरुवारी फोन न करता तो रस्त्यावर हजर झाला होता.

त्याने माझ्यावर पाळत ठेवली, त्या पाळतीने गाडी मारली, आणि मेलेल्या गाडीबद्दल मला विसरभोळी ठरवलं. शिंपी त्या उन्हात काचेवर हात आपटत होता, वन्सं, तो या डबीपायी. डबीने गाडी मरते हे बाब्याला माहीत नसेल, तो जाणूनबुजून करणार नाही, हे मला कळतं. तरी मालकाचा हातोडा मी उचललाच होता, मग खाली ठेवला.

उपटली हे त्याला लगेच कळू नये म्हणून डबी मी परत होती तिथेच लावून घेतली आहे, आणि बॅटरी मरू नये म्हणून गाडी रोज फिरवते. त्याला अजून काही बोललेले नाही.

तुमच्या मागच्या पत्रांत दोन वाक्यं आहेत. एक नजर ठेवण्याचं आणि एक न खोदण्याचं. मी ती काल पुन्हा वाचली. सरळ विचारते, सरळ सांगा. तुम्हाला माहीत होतं?

वहिनी

८ एप्रिल

वहिनी,

हो. माहीत होतं.

बाब्याने बसवायच्या आधी मला विचारलं. फोनवर ठिपका दाखवला, म्हणाला, आत्या, असा ठिपका दिसत राहील, आई कुठे आहे ते कळेल, बाबांसारखं होणार नाही. मी म्हटलं, बसव. तिला सांगू नकोस, ती सांडशीने ठिपका काढून फेकेल. हे शब्द माझे आहेत.

गाडी त्यानेच मरते हे मला माहीत नव्हतं, त्यालाही नसणार. पण शिंप्याचं वाचलं आणि काहीतरी जुळतंय असं मनात आलं. मग घाबरून तुला खोदू नकोस म्हणाले. ते जास्त वाईट.

तुला आम्ही सगळ्यांनी मिळून खुळी ठरवलं. चाळीस वर्षांत तू माझ्याशी खोटं बोलली नाहीस, थिएटराचं सोडून, आणि तुझ्या शब्दापेक्षा मला ठिपका खरा वाटला.

मी माफीबिफी लिहिणार नाही, तुला ती वाचताना कंटाळा येईल. मी काय करू तेवढं सांग. करीन.

नणंद

१३ एप्रिल

वन्सं,

सोबतच्या खोक्यात डबी आहे. आज सकाळी गाडीतून उपटली. बॅटरीवाला म्हणतो हिच्या पोटातही एक शेंगदाण्याएवढी बॅटरी असते, त्यावर ही दोनेक दिवस बोलत राहील. सकाळच्या बसच्या चालकाकडे खोकं देतेय, संध्याकाळी तुमच्या नाक्यावर येईल.

उघडून टेबलावर ठेवा, बाकी काही करू नका. मी घरीच आहे. कोणी फोन केला तर मी खरंच सांगणार आहे की मी घरीच आहे.

वहिनी

१६ एप्रिल

वहिनी,

त्याच संध्याकाळी खोकं आलं. मी डबी काढून चहाच्या टेबलावर ठेवली आणि कानातलं यंत्र काढून दोऱ्याच्या डब्यात टाकलं. सून म्हणाली, आई, यंत्र घाला. मी म्हटलं, आज कान दुखतोय.

बाब्या अंधार पडायच्या आत पोचला. ऑफिसातून थेट निघालेला, शर्ट पाठीला चिकटलेला. दारातच सुरू झाला.

"आत्या, आई कुठे आहे?"

"काय?"

"आई कुठे आहे?"

"तुझी आई? तिच्या घरी असेल. मला काय विचारतोस?"

"मी फोन केला तर तीही तेच म्हणते, घरी भाजी निवडतेय म्हणते. आत्या, तिला आपण कुठे आहोत हेसुद्धा कळत नाहीये. तिची गाडी इथे आलीय."

"साडी?"

"गाडी, आत्या, गाडी."

समोरच्या बिऱ्हाडाचं दार उघडलं. मी म्हटलं, "मोठ्याने बोल बाबा, माझं यंत्र नाहीये. गाडी इथे आली हे तुला कसं कळलं?"

"मी ट्रॅकर बसवलाय."

"काय बसवलंय?"

"ट्रॅकर. गाडी कुठे जाते ते कळायचं यंत्र."

"कोणाच्या गाडीत?"

"आईच्या."

वरच्या मजल्यावरचे दोघे जिन्यात थांबले होते. त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या.

"तिला विचारून बसवलंस?"

हे त्याला मोठ्याने म्हणता येईना. तो नुसता "नाही" म्हणाला, अगदी हळू. वहिनी, यंत्राशिवाय मला ते स्वच्छ ऐकू आलं.

मग मी त्याला आत आणून टेबलापाशी उभा केला. डबीचा हिरवा दिवा उघडझाप करत होता. त्याने खिशातून फोन काढला, फोनकडे बघितलं, डबीकडे बघितलं. मी तुझं पत्र त्याच्यासमोर ठेवलं नाही, तोंडाने सांगितलं. गाडीची झोप, छोटी बॅटरी, शिंपी, सगळं. तो मागे सरकत दाराजवळच्या चपलांच्या स्टँडवर बसला. सुनेने पाणी आणून दिलं ते हातात तसंच.

शेवटी म्हणाला, "बाबा त्या गाडीत दिवसभर तसेच होते, आत्या. कोणी काच वाजवली नाही."

वहिनी, मीही वर्षानुवर्षं तेच म्हणत आले होते, म्हणून उत्तर देणं मला जड गेलं. तरी दिलं. म्हटलं, "दादा गेला तो कोणाला कळलं नाही म्हणून नाही गेला रे. त्याचं हृदय थांबलं म्हणून गेला. ठिपका असता तर तुला लवकर कळलं असतं, एवढंच. आणि ठिपका बघून तू आज माझ्या दारात आलास, ती तिकडे घरी भाजी निवडतेय. तिने सांगितलं तेही तू मानलं नाहीस."

तो रडला. मी रडू दिलं. जेवला आणि सकाळी निघाला. मी शिकवलं नव्हतं तरी जाताना डबी इथेच ठेवून गेला.

आपला तो बाब्या असं उगाच म्हणत नाहीत, मन लगेच पाघळतं. तू मात्र लगेच पाघळू नकोस.

नणंद

२४ एप्रिल

वन्सं,

तुमचं पत्र शिंप्याला वाचून दाखवलं, डायलिसिस चालू असताना. "साडी?" पाशी तो इतका हसला की मशीन वाजायला लागलं आणि नर्सबाईंनी मला बाहेर काढलं. माझ्याच जुन्या विभागातून.

बाब्या रविवारी आला. मी पाघळले नाही. जेवायला वाढलं, पण बोलायची सुरुवात त्याला करू दिली. त्याने भात चिवडला, पाणी प्याला, मग म्हणाला, "चुकलं."

"काय चुकलं?" मी विचारलं. तुमच्याकडून शिकले.

त्याने एकेक करून सांगितलं. न विचारता बसवलं ते, गाडीचा दोष माझ्यावर टाकला ते, नातेवाइकांना सांगत सुटला ते. किल्ली टेबलावर ठेवली तेही सांगितलं. ते त्याच्या लक्षात असेल असं मला वाटलं नव्हतं.

मग विचारतो, "पण मग तू कुठे आहेस ते मला कळणार कसं?"

"विचारायचं."

"आणि तू सांगितलं नाहीस तर?"

"तर कळणार नाही."

त्याला हे पटलं असं नाही. त्याच्या बापालाही पटलं नसतं. पण पानातला भात संपवला. मी म्हटलं, तुझा बाप गाडीत गेला त्याचं दुःख मला तुझ्याहून कमी नाही. पण त्याच्या मरणाची भीती माझ्या जगण्यावर बसवायची नाही, न विचारता तर नाहीच नाही. मी उद्या गाडीत गेले तर शिंप्याला आणायच्या वाटेवर गेले असं समज, खिडकीत खुर्ची टाकून नाही.

मंगळवारी तो आमच्याबरोबर हॉस्पिटलात आला. शिंप्याचे हात धरून त्याने माफी मागितली. शिंपी म्हणाला, "तुझ्या शाळेच्या चड्ड्या मी शिवल्या. कुठे शिवण उसवते ते मला ठाऊक आहे. जा." तेवढ्यावर मिटलं. आणि ज्या-ज्या नातेवाइकांना त्याने माझ्या विसरण्याबद्दल सांगितलं होतं, त्या सगळ्यांना त्याने माझ्यासमोर बसून फोन केले. दोघांनी विचारलं, नक्की ना? त्यांची नावं मी लक्षात ठेवली आहेत. ठेवू शकते.

पूर्ण सरळ झालाय असं म्हणत नाही. रोज फोन करतो आणि पहिला प्रश्न कुठेयस हाच. कधी सांगते, कधी म्हणते बाहेर आहे. त्याला ते गिळायला वेळ लागतोय, लागू दे. नवी बॅटरी उत्तम चालली आहे. गाडी बंद केली की मी आता मागे वळून बघत नाही.

शिंप्याची बायको पुढचा आठवडा तिच्या भावाला बोलावतेय, तो त्याला नेईल-आणेल. तेव्हा शनिवारी मी तुमच्याकडे येतेय. एकटी, गाडीने. वाटेत एकदा चार्ज करायला थांबेन आणि जेवून घेईन. बाब्याला सांगितलं. तो म्हणाला, मी येऊ बरोबर? विचारलं त्याने, म्हणून नीट उत्तर दिलं. नको म्हटलं.

तुमच्यावर मी रागावले आहे की नाही ते आल्यावर ठरवू. समोरासमोर बसून, कानात यंत्र घालून.

वहिनी

२८ एप्रिल

वहिनी,

ये. नाक्यावर वळलीस की तिसरी इमारत. खाली लावायला जागा आहे. मी काल जिना उतरून स्वतः बघून आले. सून मागून ओरडत होती. यंत्र कानात होतं, तरी मला ऐकू आलं नाही.

दोनच दिवस राहा आणि परत जाताना पुढची सीट रिकामी ठेव. मी तुझ्याबरोबर येणार आहे, महिनाभर. शिंप्याला भेटायचंय, तुझ्याशी भांडायचंय आणि बाजारात जाऊन स्वतःच्या हाताने भाजी निवडून आणायची आहे. बॅग भरून दाराशी ठेवली आहे. मुलगा म्हणाला, आई, तू आम्हाला विचारलं नाहीस. मी म्हटलं, नाही विचारलं. सांगतेय.

तुझी नणंद